चित्र काढायच्या आधी रील उघडा

प्रश्न असा आहे: "मी कोल्हापुरात एका पंप कारखान्याच्या मॅन्युअलसाठी सुट्या भागांची चित्रं काढते. आता मासे पकडायचं साहित्य विकणाऱ्या एका कंपनीने विचारलंय. एका स्पिनिंग रीलच्या तीन साइझची सुट्या भागांची चित्रं, गळांच्या साइझचा तक्ता, पाच गाठी आणि खोक्यावरची काही चित्रं, एवढं काम आहे. त्यांच्याकडे कॅड फाइल नाही, नमुने पाठवणार आहेत. मी आयुष्यात कधी गळ टाकलेला नाही. सुरुवात कुठून करू? फोटो काढता येत असताना त्यांना चित्र कशाला हवंय? आणि पैसे कसे सांगू?"

ताई, पंपाची चित्रं काढता म्हणजे निम्मं काम तुम्हाला येतंच. इंपेलर, सील, बेअरिंग, शाफ्ट जसे एका ओळीने बसतात तशीच ओळ रीलमध्येही, म्हणजे मासे पकडायची दोरी गुंडाळायच्या यंत्रातही, असते. फरक असा की पंप मिस्त्री उघडतो आणि रील त्याचा मालक स्वतः उघडतो. तेही बहुधा रात्री जेवणं आटोपल्यावर, जमिनीवर वर्तमानपत्र पसरून, खाऱ्या पाण्याने जाम झालेलं. हात ग्रीसने माखलेले, समोर सत्तर-ऐंशी बारीक तुकडे आणि तुमचं चित्र. म्हणून माझा आग्रह एकच आहे: पेन्सिल उचलायच्या आधी ते रील स्वतः पूर्ण उघडा, स्वतः जोडा, आणि जिथे जिथे हात अडला ती जागा लिहून ठेवा. चित्र त्या जागांसाठी काढायचं असतं. बाकीचं रील तर कुणालाही दिसतंच.

फोटोचं उत्तर यातच आहे. फोटोत रील बाहेरून सुरेख दिसतं, पण आत काय कशाच्या मागे बसलंय ते दिसत नाही. शिवाय पॉलिश केलेल्या ॲल्युमिनियमच्या स्पूलवर, म्हणजे दोरी ज्यावर बसते त्या रिळावर, अख्खी खोली उमटते, दिवा उमटतो, फोटो काढणारा उमटतो. आणि सुटे भाग मांडून फोटो काढला तरी दोन वॉशर एकमेकांसारखेच दिसतात. एकाला बाहेरून कान आहेत आणि दुसऱ्याचं आतलं भोक डी-आकाराचं आहे, हे रेषेनेच ठसतं.

मी मेकॅनिकल ड्राफ्ट्समनचा आयटीआय करून पुण्यात एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात लागलो आणि गेली अठरा वर्षं स्वतंत्रपणे हीच कामं करतो. मूळ गाव रत्नागिरीजवळ. वडील भाट्याच्या खाडीवर गरवायला, म्हणजे गळाने मासे पकडायला, जायचे, त्यामुळे गरी (गळ) आणि तंगूस (नायलॉनची दोरी) हे शब्द मला शाळेच्या आधीपासून माहीत आहेत. पण खरं सांगतो, रील म्हणजे काय ते मला पहिल्यांदा कळलं ते उघडल्यावरच.

नमुने दोन मागा. एक उघडायला आणि एक तसंच ठेवायला, म्हणजे जोडताना शंका आली तर दुसऱ्याकडे बघता येतं. आणि कंपनीला आधी एक गोष्ट विचारा. हे रील दुसऱ्या कारखान्यातून बनवून आपलं नाव घालून विकलं जातंय का? तसं असेल तर मूळ कारखान्याकडे असेंब्ली ड्रॉइंग असतंच, फक्त ते मागायचं कुणाला सुचलेलं नसतं. ते मिळालं तर त्याच्या कोपऱ्यातलं चिन्ह नीट बघा, तो कापलेला शंकू. आपण शिकलो ती फर्स्ट अँगल, म्हणजे बाजूची दृश्यं कागदावर मांडायची एक पद्धत. जपानी आणि अमेरिकी ड्रॉइंग थर्ड अँगलची असतात. चिन्ह न बघता वाचलं तर डावी बाजू उजवीकडे जाते, आणि रीलच्या बाबतीत डावं-उजवं चुकणं फार महागात पडतं. त्याबद्दल पुढे सांगतो.

उघडताना ट्रेमध्ये पांढरा टॉवेल अंथरा, म्हणजे बेअरिंगची गोळी पडली तरी घरंगळत नाही. शेजारी अंड्यांचा रिकामा ट्रे ठेवा आणि निघालेला प्रत्येक भाग ओळीने एकेका खळग्यात टाका. प्रत्येक पायरीला फोटो काढा, पण रील एकाच बाजूने धरून. मी आधी ड्रॅगची, म्हणजे माशाने ओढल्यावर दोरी बेताने सुटू देणाऱ्या रचनेची, गुंडी सोडवून स्पूल काढतो, मग हँडल, मग स्पूलभोवती फिरणारा रोटर, शेवटी बाजूचं झाकण. रोटरचा नट उलट आट्यांचा असू शकतो. जोर लावण्याआधी दोन्ही दिशांना हलकेच बघा, आणि उलट निघाला तर चित्रात त्याच्याशेजारी फिरवायच्या दिशेचा बाण हवाच. बेलची, म्हणजे दोरी स्पूलवर वळवणाऱ्या तारेच्या कमानीची, स्प्रिंग मात्र पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घालून काढा. ती उडते. माझी पहिली स्प्रिंग कपाटामागे गेली आणि सापडलीच नाही.

आता आतल्या तीन-चार जागा जवळून दाखवतो, कारण सगळी चित्रं तिथेच फसतात.

पहिली जागा म्हणजे ड्रॅगची चवड. स्पूलच्या तोंडाशी गुंडीखाली तारेची एक क्लिप असते आणि ती काढली की वॉशरची थप्पी बाहेर येते. यात तीन जाती असतात. डी-आकाराचं किंवा दोन बाजूंनी सपाट भोक असलेला धातूचा वॉशर मधल्या शाफ्टला धरून बसतो, फिरत नाही. कान असलेला धातूचा वॉशर स्पूलच्या खाचांत अडकतो आणि स्पूलबरोबर फिरतो. या दोघांच्या मधे फेल्टचा किंवा कार्बनचा वॉशर. मासा ओढतो तेव्हा एक धातू स्थिर, एक फिरता, मधे घर्षण, आणि दोरी न तुटता हळूहळू सुटत जाते. म्हणजे अख्खा ड्रॅग हा या अदलाबदलीच्या क्रमावर उभा आहे. शाफ्ट धरणारे दोन वॉशर शेजारी-शेजारी लागले की तेवढ्या जागी घर्षणच उरत नाही. माणूस गुंडी आवळत राहतो आणि म्हणतो, रील खराब आहे. रील खराब नसतं, चित्र खराब असतं. त्यामुळे ही चवड मी कधीही मुख्य चित्रात कोंबत नाही. तिचं वेगळं मोठं चित्र काढतो, दुपटीने तरी मोठं, आणि प्रत्येक वॉशर इतका कलता ठेवतो की कान आणि भोकाचा आकार दोन्ही ओळखू येतील.

इथे लंबवर्तुळाचं गणित कामाला येतं. आयसोमेट्रिकमध्ये, म्हणजे तिन्ही बाजू सारख्याच कलत्या दाखवणाऱ्या चित्रात, वर्तुळ सुमारे 35 अंशांचं लंबवर्तुळ होतं, म्हणजे लघुअक्ष हा बृहदक्षाच्या 0.577 पट. एवढ्या उघडझापीत कान स्पष्ट दिसतात. काही जण देखणं दिसावं म्हणून 15 अंशांचं चपटं लंबवर्तुळ घेतात. त्यात चवड छान लांबते पण सगळे वॉशर सारखेच दिसायला लागतात. आणि एक नियम जीव गेला तरी मोडू नका: लंबवर्तुळाचा लघुअक्ष नेहमी त्या भागाच्या शाफ्टच्या रेषेवरच पडला पाहिजे. पंपात शाफ्ट बहुतेक एकच असतो, त्यामुळे ही सवय नकळत पाळली जाते. स्पिनिंग रीलमध्ये दोन रेषा एकमेकींना काटकोनात असतात. एक स्पूल, रोटर आणि पिनियनची (छोट्या गिअरची), पुढून मागे जाणारी. दुसरी हँडल आणि मुख्य गिअरची, आडवी. दोन्हींची लंबवर्तुळं वेगवेगळ्या दिशांना झुकणार. एखादं बेअरिंग चुकून दुसऱ्या रेषेचं काढलं की बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण चित्र वाकडं वाटतं, आणि त्याहून वाईट म्हणजे तो बेअरिंग भलत्याच घरात बसवायला जातो.

दुसरी जागा बेलची स्प्रिंग. तिला दोन पाय असतात, एक रोटरच्या भोकात जातो आणि दुसरा बेलच्या दांड्याला लागतो. कॅटलॉगांत ही स्प्रिंग पुष्कळदा नुसती वेटोळी म्हणून काढलेली असते, पाय कुठल्याही दिशेला. पाय किती लांब, कोणता वाकडा, कोणता आत, हे व्हर्निअरने मोजून काढा, आणि शेजारी एका वर्तुळात ती बसलेल्या अवस्थेत दाखवा. सुटी स्प्रिंग कशी दिसते हे मालकाला कळतंच, ती त्याच्या हातात असते. त्याला हवं असतं ते बसल्यावर कशी दिसते ते.

तिसरी, एकाच दिशेने फिरणारा क्लच, म्हणजे हँडल मागे फिरू न देणारं रोलरचं बेअरिंग. ते उलटं बसलं की फिरायच्या दिशेला अडतं आणि अडायच्या दिशेला फिरतं. त्याच्या एका तोंडावर काहीतरी खूण असते, अक्षर किंवा कड. ती खूण ज्या बाजूने दिसेल तीच बाजू चित्रात समोर ठेवा. याच्या रोलरांत घट्ट ग्रीस गेलं तर तो घसरतो, म्हणून मी त्याच्याशेजारी तेलाच्या थेंबाचं चिन्ह देतो आणि ग्रीसच्या ट्यूबवर काट मारतो. शब्द लागत नाहीत.

आणि चौथी, मुख्य गिअरमागचे पातळ शिम, म्हणजे फट भरणाऱ्या चकत्या. मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतके किंवा त्याहूनही पातळ. प्रमाणात काढायला गेलं तर दोन रेषा एकमेकींवर चढतात आणि भाग नाहीसा होतो. इथे प्रमाण सोडायचं. त्यांना डोळ्यांना दिसेल एवढी जाडी द्या, नग किती ते लिहा, आणि तक्त्यात खरी जाडी द्या. एक शिम ट्रेमध्येच राहून गेला की गिअर करकरतो. मालकाला वाटतं, आपण काहीतरी मोडलं.

रेषांच्या जाडीबद्दल तुम्हाला वेगळं सांगायला नको. 0.18, 0.25, 0.35, 0.5, 0.7 ही मालिका पंपालाही तीच आणि रीललाही तीच. मी बाहेरची कड 0.5, आतल्या कडा 0.25 आणि भाग एकमेकांना जोडणारी तुटक रेषा 0.18 ठेवतो. भाग लहान आहेत म्हणून बाहेरच्या कडेला 0.7 घेत नाही. वॉशरच्या कानात शाई भरते.

मुख्य चित्राची मांडणी करताना स्पूलकडची ओळ डावीकडे वर आणि हँडलकडची उजवीकडे खाली अशी पसरू द्या. बॉडी मधे. कागद कमी पडला तर ओळ मोडा, पण तुटक रेषा वळवून पुढे न्या. भाग ओळीतून उचलून मोकळ्या जागी ठेवू नका. क्रमांक जोडण्याच्या क्रमाने द्या, चित्रात जिथे जागा सापडेल तसे नकोत. कंपनीचे लांबलचक पार्ट नंबर चित्रात न घालता खालच्या तक्त्यात घाला. तीन साइझचं कामही त्यामुळे हलकं होतं. 2500 आणि 3000 या साइझची बॉडी अनेकदा एकच असते, फरक फक्त स्पूलमध्ये. तुमच्या नमुन्यांत तसं असेल तर बॉडीचं चित्र एकदाच, स्पूल वेगवेगळे, आणि तक्त्यात तीन रकाने. मोजून खात्री केल्याशिवाय मात्र हे धरून चालू नका.

आता ती डाव्या-उजव्याची गोष्ट. सुरुवातीच्या वर्षांत एका कंपनीच्या खोक्यासाठी मी रीलचं चित्र काढलं. मांडणी करणाऱ्याला रील उजवीकडे बघणारं हवं होतं, माझं डावीकडे बघत होतं. मी ते संगणकावर आरशासारखं उलटवून दिलं. बॉडीवरचं नाव तेवढं सरळ केलं. खोकी छापून आली, दुकानांत गेली. मग एका गिऱ्हाइकाचा निरोप आला की या चित्रातल्या रीलवर दोरी उलटी गुंडाळली आहे. त्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. स्पिनिंग रील धरून मागून पाहिलं तर रोटर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, बेलवरचा दोरीचा रोलर ठरलेल्या बाजूला असतो, आणि दोरी स्पूलवरून एकाच बाजूने सुटते. उलटवलं की हे सगळं उलटं होतं. ज्याने दहा वर्षं रील हातात धरलंय त्याला ते क्षणात खटकतं, जसं आपल्याला डावीकडून घातलेलं शर्टाचं बटण खटकतं. त्या दिवसापासून मी यंत्राचं चित्र कधीही उलटवलेलं नाही. दुसऱ्या बाजूने हवं असेल तर दुसऱ्या बाजूने नवीन काढतो आणि त्याचे वेगळे पैसे घेतो. करारातच लिहितो की चित्र आरशासारखं उलटवायचं नाही.

गळांचा तक्ता हे रीलपेक्षा सोपं वाटेल. तसं समजू नका.

गळाच्या साइझचे आकडे दोन दिशांना चालतात. 10, 8, 6, 4, 2, 1 असा आकडा उतरत गेला की गळ मोठा होत जातो. 1 नंतर 1/0, 2/0, 3/0 लागतात आणि तिथून आकडा चढला की गळ मोठा. वर आणखी म्हणजे हे आकडे सगळ्या कंपन्यांत सारखे नाहीत. एकाचा 2/0 दुसऱ्याच्या 1/0 एवढा निघू शकतो. म्हणून तक्त्यात चित्र खऱ्या आकाराचंच हवं, आणि शेजारी मिलिमीटरमध्ये दोन मापं: टोक आणि दांडा यांच्यातलं अंतर, म्हणजे गॅप, आणि तारेची जाडी. नॉर्वेची मुस्ताद कंपनी 1877 पासून गळ बनवते. तेव्हापासून गळांचे आकार इतके वाढलेत की नुसत्या आकड्यावर कुणीच विसंबत नाही. लोक दुकानात गळ तक्त्यावर ठेवून बघतात.

हे चित्र काढायला माझी एक युक्ती आहे. साधा फ्लॅटबेड स्कॅनर. गळ काचेवर आडवे ठेवा, शेजारी पोलादी मोजपट्टी ठेवा, वर पांढरा कागद, आणि 1200 डीपीआयला स्कॅन करा. कॅमेऱ्यात लेन्समुळे कड फुगते. स्कॅनरवर सपाट वस्तू खऱ्या मापात मिळते, आणि मोजपट्टी शेजारी असल्याने तपासताही येते. त्यावरून रेषा ओढा. तीन टोकांचा ट्रेबल गळ सपाट बसत नाही, त्याचं वेगळं मोजून काढावं लागतं.

पण स्कॅनर एक गोष्ट लपवतो, तिथे सावध राहा. काही गळांचं टोक दांड्याच्या प्रतलातून किंचित बाजूला वळवलेलं असतं. आडवा ठेवला की हा बाक दिसतच नाही, चित्रात दोन वेगळे गळ एकसारखे होतात. अशा गळाचं डोळ्याकडून, म्हणजे दोरी बांधायच्या टोकाकडून, पाहिलेलं दुसरं छोटं चित्र शेजारी द्याच. आणि सर्कल हूक हातात आला की तो तुम्हाला चुकीचा वाकवलेला वाटेल, कारण त्याचं टोक आत, दांड्याकडे काटकोनात वळलेलं असतं. तो तसाच असतो. माशाने ओढल्यावर तो घसरत येऊन जबड्याच्या कोपऱ्यात बसतो, म्हणूनच त्याचा आकार तसा. "सुधारून" टोक जरा मोकळं काढलं की तो साधा जे-आकाराचा गळ होतो. डोळ्याच्या जागीही नीट बघा: गोल कडी सरळ आहे, पुढे झुकलीय की मागे, की कडीऐवजी नुसतं चपटं केलेलं टोक आहे. गाठ कोणती मारायची ते यावर ठरतं.

छपाईच्या वेळी या तक्त्यावर 50 मि.मी.ची एक रेघ काढून तिच्याखाली माप लिहा. छापखान्यात कुणीतरी "फिट टू पेज" दाबतं आणि खऱ्या आकाराचा तक्ता 96 टक्क्यांचा होतो. ती रेघ असली की मशीनवरचा माणूसही पट्टी लावून बघू शकतो. मी पहिला छापील नमुना पाहिल्याशिवाय या तक्त्याला होकार देत नाही.

गाठींकडे येऊ. तुमच्या पाचांत बहुधा क्लिंच, पालोमार, युनी असतीलच, आणि ब्रेडेड (विणलेली) दोरी लीडरला, म्हणजे गळाकडच्या दोरीच्या तुकड्याला, जोडायची एफजी असू शकते. प्रत्येक गाठ आधी जाड सुतळीने, शंभर वेळा नाही पण दहा वेळा तरी बांधा. मग मासे पकडायच्या दोरीने. चित्रात दोरी खऱ्यापेक्षा कितीतरी जाड काढायची, दोन समांतर रेषांची, आणि जिथे एक फेरा दुसऱ्याखालून जातो तिथे खालची रेषा वरच्याच्या आधी थोडी तोडायची. ही फट सोडली नाही तर वरून कोण आणि खालून कोण ते कळत नाही, आणि गाठ म्हणजे तेवढंच असतं. मोकळ्या टोकाला हलका करडा रंग भरा, मुख्य दोरी पांढरी ठेवा. एफजीत दोन वेगळ्या दोऱ्या आहेत, तिथे एक भरीव, एक पांढरी. बांधणाऱ्याच्या डोळ्यांना जसं दिसतं तसंच काढा, समोर बसून बघणाऱ्याला दिसतं तसं नाही. बोटं शक्यतो काढू नका. फक्त जिथे फास बोटाने उघडा धरावा लागतो तिथे एक बोट दाखवा. क्लिंचमध्ये अशी जागा आहे: फेरे मारून झाल्यावर टोक कडीजवळच्या छोट्या फासातून परत घालायचं असतं, आणि नवशिक्याचा तो फास तोवर बंद झालेला असतो. तुमचा हातही तिथेच अडेल. त्या पायरीचं चित्र इतरांच्या दीडपट मोठं असू द्या. शेवटच्या पायरीत, आवळण्याआधी, पाण्याचा थेंब काढा. कोरडी गाठ आवळली तर घर्षणाने तापून दोरी कमजोर होते.

कंपनी तुम्हाला ब्रेडेड दोरीच्या पाकिटावर साध्या क्लिंचचं चित्र टाकायला सांगेल, कारण ती सगळ्यांना येते. तेव्हा त्यांना बोला. ब्रेडवर ती घसरते. तिथे पालोमार द्या. हे आपलं काम नाही असं समजू नका. चित्र छापलं गेलं की लोक ते खरं मानतात.

खोक्यावरच्या आकड्यांनाही नजर घाला. स्पूलवर किती दोरी मावते ते जाडी आणि लांबी असं छापतात. 0.30 मि.मी. दोरी 200 मीटर मावत असेल तर 0.25 मि.मी. सुमारे 288 मीटर मावायला हवी, कारण लांबी जाडीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात जाते. दोन्हींसमोर 200 दिसलं तर विचारा.

आणि मासा. खोक्यावर बहुतेक कुठूनतरी उचललेला अमेरिकेतला लार्जमाउथ बास उड्या मारत असतो, जो आपल्या खाडीत नाही आणि नदीतही नाही. आपल्या माणसाला जिताडा दाखवा. त्याचं कपाळ डोळ्यांच्या वर खोलगट आत जातं, तोंड डोळ्याच्याही मागेपर्यंत फाकतं, शेपटी गोल असते. नदीचा मासा हवा असेल तर खडस, म्हणजे महसीर: भलेमोठे खवले आणि तोंडापाशी मिशांच्या दोन जोड्या. खवले बारीक काढलेत की तो रोहूकडे झुकायला लागतो. बाजारात जाऊन जिताडा एकदा हातात घेऊन बघा, कोल्हापुरातही मिळेल. गरवणाऱ्याला खोक्यावर आपला मासा दिसला की तो खोकं उचलून बघतो, हे मी दुकानात उभं राहून पाहिलेलं आहे.

भागांची नावं लिहिताना दुकानातलेच शब्द वापरा. स्पूल, बेल, ड्रॅग, हँडल हे सगळ्यांना कळतं. गळ की गरी हे माल कुठे जाणार त्यावर ठरवा. कोकणात गरी, घाटावर गळ.

शिकायला कुठे बघू, तर दोन ठिकाणी. अमेरिकेतली पेन कंपनी 1932 पासून रीलं बनवते आणि तिचे सुट्या भागांचे नकाशे सहज मिळतात; दुरुस्तीसाठी चित्र कसं मांडावं ते त्यांच्याकडून शिकावं. दुसरं म्हणजे पेटंटची चित्रं. आल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी 1905 मध्ये इंग्लंडमध्ये स्थिर स्पूलच्या रीलचं पेटंट घेतलं, आजचं स्पिनिंग रील त्याच वंशातलं. तिथपासून शिमानो, दाइवा या जपानी रील कंपन्यांपर्यंतची पेटंटं इंटरनेटवर फुकट पाहता येतात. फक्त हे ध्यानात ठेवा की पेटंटचं चित्र आपला शोध काय ते दाखवायला असतं, जोडायला शिकवायला नसतं. त्यातून आतली रचना समजून घ्या, मांडणी उचलू नका. आणि कंपनी म्हणाली की अमुक ब्रँडचा नकाशा घ्या आणि नाव बदला, तर सरळ नाही म्हणा. ते चित्र कुणाचंतरी आहे, शिवाय भाग जुळणारच नाहीत.

सॉफ्टवेअर तुमच्याकडे जे आहे ते चालेल. इंकस्केपमध्येही हे सगळं होतं. कधी पुढे कॅड फाइल मिळाली तर तिच्यातून काढलेल्या रेषा थेट छापायला देऊ नका. गोलाईच्या कडेला नको त्या रेषा येतात आणि एकेक वक्र शेकडो तुकड्यांत तुटलेला असतो. तुकडे जोडून, फालतू रेषा पुसून, जाडी पुन्हा लावावी लागते. या साफसफाईलाही वेळ धरा.

पैशांचं. भागांच्या संख्येवर दर ठरवू नका. साठ सारखे स्क्रू काढणं आणि एक बेलची स्प्रिंग काढणं यात स्प्रिंगच महाग आहे. दिवसांवर ठरवा. मला एक रील उघडून, मोजून, फोटो काढून, पुन्हा जोडायला एक दिवस लागतो, मुख्य चित्राला चार, बारीक चित्रांना आणि तक्त्याला दोन. तुम्हाला पहिल्या रीलला याच्या दुप्पट लागेल. ते तुमचं शिकणं आहे, त्याचा सगळा भार कंपनीवर टाकू नका, पण फुकटही करू नका. निम्मे पैसे नमुने हातात येताच. दुरुस्त्या दोन फेऱ्यांपर्यंत, आणि रीलमध्येच बदल झाला तर तो नवा हिशेब. हक्कांचं लेखी ठेवा. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 19 सांगतं की हक्क लेखी करारानेच देता येतात, आणि मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. कंपनीला कायमचं आणि परदेशातही वापरायचं असेल तर तसं लिहून घ्या, आणि त्याप्रमाणे किंमत सांगा.

शेवटचं काम चित्र देण्याआधीचं. छापील कच्चं चित्र, उघडलेलं रील आणि एक माणूस, ज्याने ते रील कधी उघडलेलं नाही. भाऊ असेल, शेजारी असेल, तुमच्या कारखान्यातला फिटर असेल तर फारच उत्तम. त्याला म्हणा, हे जोड. आणि तुम्ही गप्प बसा. काही विचारलं तरी बोलू नका, हे सगळ्यात अवघड आहे. तो जिथे थांबेल, चित्र फिरवून बघेल, भाग उचलून परत ठेवेल, तिथे चित्राच्या दुसऱ्या प्रतीवर लाल पेनने गोल करा. माझ्या गेल्या रीलच्या चित्रावर असे सहा गोल पडले. त्यातले तीन बेलच्या स्प्रिंगभोवती होते, दोन ड्रॅगच्या चवडीत, आणि एक अशा स्क्रूभोवती ज्याच्याकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. झाकणाचे चार स्क्रू मी एकसारखे काढले होते आणि त्यातला एक दोन मिलिमीटरने लांब होता. तो वेगळा क्रमांक देऊन पुन्हा काढला, आणि मग फाइल पाठवली.